मला उखळात कुटलं तेव्हा

मित्रांनो, मी शाळेवरचा जुना सिमेंटचा पत्रा. माझ्यासारख्या जुन्या वस्तू आपली गोष्ट सांगू लागल्या, की आधी आपल्या सेवेचं कौतुक सांगतात. कौतुक माझ्याकडेही थोडं आहे. पण त्याआधी एक खरं सांगून टाकतो, कारण मनात ठेवून बोललेलं देवाला पोचत नाही म्हणतात. माझ्यामुळे एक माणूस गेलेला आहे. मी त्याच्या अंगावर पडलो नाही, माझ्या कडेनं त्याला कधी कापलं नाही. उलट त्यानं मला उन्हातून उचलून वर चढवलं, हातानं नीट बसवलं. त्या माणसालाच मी मारलं.

कसं, ते सांगतो. घाबरू नका, पण ऐका.

मी मूळचा दगड. पृथ्वीच्या पोटात असतो तसाच, फक्त एक गोष्ट वेगळी. हा दगड फोडला की त्याचे तंतू निघतात, सावरीच्या कापसासारखे मऊ. मला खाणीतून सुरुंग लावून उडवलं. मग चिरडलं, पिंजलं, सिमेंट-पाण्यात कालवलं, लाटलं, आणि साच्यावर दाबून माझ्या पाठीवर लाटांसारखी वळणं उठवली. नुसता मार खाऊन मी घडलो. आणि ज्याला मारून घडवतात त्याच्या पोटात तो मार कुठंतरी शिल्लक राहतोच. माझ्या पोटात त्या तंतूंच्या असंख्य सुया राहिल्या. केसाहून कितीतरी बारीक, डोळ्यांना न दिसणाऱ्या. त्यांना ॲसबेस्टॉस म्हणतात. मी अख्खा असेपर्यंत त्या सिमेंटात गच्च बसलेल्या असतात, कुणाला काही करत नाहीत. मी फुटलो की त्या सुटतात.

तीसेक वर्षांपूर्वी एका ट्रकमधून आम्ही चाळीस पत्रे अमडापूरच्या पुढे एका गावात उतरलो. तिथं शाळेच्या चार खोल्या नव्यानं बांधल्या होत्या. आम्हाला बसवायला जानराव मिस्त्री आले. माळकरी माणूस, बिडीला कधी हात नाही, तोंडात सतत नाम. त्यांनी करवतीनं आमच्या कडा कापल्या, गिरमिटानं आमच्या अंगात छिद्रं पाडली आणि त्यातून हुक ओवले. गिरमिट फिरायचं तसा माझ्या अंगातून पांढरा भुगा उडायचा. संध्याकाळपर्यंत जानराव भस्म फासलेल्या गोसाव्यासारखे दिसायचे.

"आज तं महादेवच आले घरी," असं हसून म्हणत त्यांची बायको गोजरबाई दारातच त्यांचा सदरा काढून घ्यायची, आणि ओट्यावर उभी राहून फडाफडा झटकायची. त्यांचं घर शाळेपासून पन्नास पावलांवर. मला वरून सगळं दिसायचं. झटकलेला भुगा उन्हात चमकत तिच्या तोंडावरून जायचा.

पुढं वीस वर्षं माझी चांगली गेली. "टिनाच्या पत्र्यापेक्षा हे बरे, उन्हाळ्यात डोकं तापत नाही," असं मास्तर म्हणायचे. माझ्याखाली पोरं पाढे शिकली, माझ्याखाली मतदान झालं, एका वर्षी तर लग्नही लागलं. पाऊस मी अंगावर घेतला. वानरांच्या टोळ्या माझ्यावर दणादण उड्या मारून गेल्या, तरी मी फुटलो नाही. जानराव आजूबाजूच्या गावांतून माझ्यासारखेच पत्रे कापत, भोकं पाडत फिरत राहिले.

मग सकाळच्या प्रार्थनेत मधेमधे खोकला ऐकू येऊ लागला. तो त्या पन्नास पावलांवरच्या घरातून यायचा. आधी कोरडा, मग खोल, मग असा की ऐकणाऱ्याचे डोळे मिटावेत. जानराव ओट्यावर दोन्ही हात टेकून बसायचे आणि हवा ओढायचे. हवा पुरत नव्हती. आडदांड माणूस कापसाच्या वाळलेल्या पऱ्हाटीसारखा झाला. गावात लोक म्हणाले, "बिडी पीत असंल लपून." गोजरबाईला ते फार लागलं. ती म्हणायची, "माळ घातलेला माणूस हाय माह्या. बिडी कायले पिईन थो?" एका चैत्रात, भर दुपारी, दारासमोरच्या बाजेवर, रक्ताची गुळणी टाकून ते गेले. मी वरून पाहत होतो. कुणीच मान वर करून माझ्याकडे पाहिलं नाही.

गोजरबाईला शाळेत खिचडी शिजवायचं काम मिळालं. पोरं तिला गोजरमाय म्हणू लागली. तिचा मुलगा आणि सून पुण्याकडे कंपनीत. नात छकुली तिच्यापाशी राहून आमच्याच शाळेत सहावीत आलेली. तुळशीला पाणी घातल्याशिवाय गोजरमाय घोटभर चहा घ्यायची नाही. गुरुवारी शेगावच्या महाराजांचा उपास, आणि कुणाशी आवाज चढवून बोलायचं नाही हेही तिचं एक व्रतच. चूल फुंकताना आता तिलाही धाप लागायची. ती म्हणायची, "वय झालं आता."

आता खरी गोष्ट, मित्रांनो. ती परवाच्या मार्गशीर्षातली.

दुपारी तीनला आभाळ काळंनिळं झालं आणि गारा कोसळल्या. लिंबाएवढ्या. हरभरा आडवा झाला, दोन बकऱ्या मेल्या, आणि आमच्या चाळीसपैकी सहा पत्रे फुटले. मी वाचलो, पण माझाही एक कोपरा, परातीएवढा, कडकन तुटून वर्गात पडला. नशिबानं पोरं बाकांखाली शिरली होती. दुसऱ्या दिवशी शाळेचे शिपाई हिंमतराव घण घेऊन वर चढले. हिंमतराव दिलदार, पण अंगात बारा हत्तींची मस्ती. त्यांनी फुटके पत्रे घणानं तोडून एकेक खाली फेकले. प्रत्येक पत्रा आपटला की धुराळा उठायचा आणि पोरं टाळ्या पिटायची.

"मास्क-बिस्क लावा, हिंमतराव," मुख्याध्यापक उत्तमराव खालून म्हणाले.

"सर, तीस वर्षं झाले या पत्र्याखाली. मले अजून शिंक बी नाई आली!"

तुकड्यांचा ढीग मैदानाच्या कडेला पडून राहिला. माझा कोपराही त्यात.

जानेवारीत आमच्या मैदानावर खो-खोचे सामने व्हायचे होते. आसपासच्या सात शाळा येणार, आणि अंतिम सामन्यात आमच्या पोरी शेजारच्या गावाशी भिडणार अशी सगळ्यांची खात्री. छकुली आमच्या संघातली सगळ्यात चपळ पोरगी. पण मैदान आखायची फक्की त्या पावसात भिजून दगड झालेली. फक्की म्हणजे ती पांढरी भुकटी, जिच्यानं मैदानावर रेषा मारतात. खेळाचे शेखर सर डोकं धरून बसले. मग त्यांचं लक्ष ढिगाकडे गेलं. त्यांनी एक तुकडा दगडानं ठेचला, भुकटी चिमटीत घेऊन जमिनीवर रेघ ओढली. रेघ दुधासारखी उमटली.

"गोजरमाय!" त्यांनी हाक मारली. "तुझं उखळ हाय ना अंगणात? दोन पोते कुटून दे बरं. फुकटची फक्की झाली पाह्य!"

शेखर सरांच्या मनात काही वाईट नव्हतं, हे मी शपथेवर सांगतो. शाळेचं काम म्हटल्यावर गोजरमायनं नाही म्हणणं शक्यच नव्हतं.

तीन दिवस तिनं आम्हाला कुटलं. अंगणातलं दगडी उखळ, हातात टोकाला लोखंडी कडं बसवलेलं मुसळ. माझा तो कोपरा तिनं आधी पायाखाली घालून मोडला, मग उखळात टाकला. मुसळ वर जायचं आणि खाली यायचं. प्रत्येक घावाला तिच्या तोंडून महाराजांचं नाव निघायचं. नाव, घाव. नाव, घाव. माझं हाड न् हाड फुटत होतं, आणि तीस वर्षं गच्च बसलेल्या माझ्या सुया त्या नामाच्या तालावर हवेत सुटत होत्या. समोर छकुली चाळणी घेऊन बसलेली. चाळलेली भुकटी पोत्यात, उरलेले खडे पुन्हा उखळात. छकुलीच्या भुवया पांढऱ्या झाल्या.

"माय, मी म्हातारी दिसतो काय वं?" ती म्हणाली.

"माह्यापेक्षा बी म्हातारी," गोजरमाय हसली, आणि पदरानं तिचं तोंड पुसलं. तोच पदर तिनं फडकन झटकला.

छपराला तोंड नसतं, मित्रांनो. तोंड असतं तर त्या दिवशी गावाला ऐकू जाईल असा ओरडलो असतो.

आणि तिसऱ्या दिवशी, तो नेमका गुरुवार, तिनं मूठभर भुकटी घरात नेली. चिंच-राखेनं देव घासायचे, ती जुनी रीत. पण ही भुकटी किती बारीक, किती पांढरी! तिनं पितळेचा बाळकृष्ण, समई, टाक, सगळे त्या भुकटीनं घासले, कोरडेच, जोर लावून. देव लखलखले. तिनं हात जोडले आणि मागणं मागितलं, ते दारातून मला ऐकू आलं: "महाराज, माह्या मालकासारखं या पोरीले काही होऊ देजो नको."

सामन्याच्या दिवशी मैदान लग्नासारखं सजलं होतं. गावातली निम्मी माणसं, शेजारच्या गावातली निम्मी. पाण्याचा टँकर लावलेला, त्याला नळी जोडलेली. माझ्या भुकटीच्या रेषा चकचकत होत्या. अंतिम सामना आमचाच आणि शेजारच्यांचा लागला. पोरी धावत होत्या, सूर मारत होत्या, रेषांवर घसरत होत्या. दर वेळी पांढरं धुकं उठायचं. छकुली एकदा तोंडावर पडली, थुंकली आणि पुन्हा पळाली. आमचा संघ दोन गुणांनी मागं होता, सात मिनिटं उरली होती.

तेवढ्यात संजीवनी मॅडम फाटकातून आत आल्या. त्या देऊळगाव राजाच्या, आमच्याकडे विज्ञान शिकवायच्या. शाळांच्या इमारतींच्या सुरक्षेचं प्रशिक्षण होतं, त्यासाठी दोन दिवस चिखलीला गेल्या होत्या. एसटीतून उतरल्या त्या बॅगेसकट तशाच मैदानावर आल्या. त्यांनी पांढऱ्या पोरी पाहिल्या. कडेला उरलेला तुकड्यांचा ढीग पाहिला. वर माझ्याकडे पाहिलं.

"शेखर सर, ही फक्की कसली?"

"गावठी, मॅडम! आपल्याच पत्र्याची. गोजरमायनं कुटून दिली."

मॅडमच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं. "थांबवा. आत्ताच्या आत्ता खेळ थांबवा. पोरींना बाहेर काढा!"

"मॅडम, फायनल हाय! सात मिनिटं उरले. सामना झाल्यावर बोलू ना."

सर ऐकत नाहीत म्हटल्यावर मॅडमनी सरळ पंचाच्या हातातली शिट्टी ओढून वाजवली. पोरी थांबल्या. आणि तिथंच घात झाला, कारण शेजारच्या गावानं त्याचा एकच अर्थ काढला.

"हरून राह्यले म्हणून थांबवता काय बे!"

"चोट्टे सालेहो! घरचं मैदान, घरची शिट्टी!"

"चोट्टं कोणाले म्हणतं रे?" हिंमतराव बाह्या सरसावून पुढं झाले.

एक खुर्ची भिरकावली गेली. मग दगड. मग माणसं माणसांवर पडली. हिंमतरावांनी एकाला कंबरेत धरून रेषेवर आपटलं. दुसऱ्यानं त्यांच्या डोक्यात काठी घातली. खाकरणं, शिव्या, किंचाळ्या. कुणाचं नाक फुटलं, कुणाचा दात पडला. शंभर-दीडशे पाय त्या रेषा तुडवत होते आणि माझी भुकटी गुडघ्याएवढी, कंबरेएवढी, तोंडाएवढी वर येत होती. मॅडम ओरडत होत्या, "अहो, तोंड झाका! धुळीतून बाहेर या! ह्या पत्र्यात ॲसबेस्टॉस आहे! ही धूळ छातीत गेली की निघत नाही! वीस-तीस वर्षांनी खोकला लागतो, श्वास पुरत नाही, मिस्त्री लोक मरतात ह्याच्यानं!"

मारामारीत कुणालाही ते ऐकू गेलं नाही. फक्त एका बाईला गेलं.

गोजरमाय खिचडीच्या खोलीच्या दारात उभी होती. खोकला. श्वास पुरत नाही. मिस्त्री लोक. मी तिच्या चेहऱ्याकडे पाहत होतो. तिनं आधी आपल्या हातांकडे पाहिलं. मग हळूच मान वर केली, आणि जानराव गेल्यावर इतक्या वर्षांत पहिल्यांदा गावातल्या कुणीतरी नीट माझ्याकडे पाहिलं. तिच्या ओठांवर शिवी नव्हती. शिवी असती तर बरं झालं असतं.

मग ती चालत टँकरपाशी गेली. नळी काखेत घेतली, तोटी पूर्ण फिरवली आणि पाणी त्या गर्दीवर सोडलं. भांडणाऱ्यांच्या तोंडावर, छातीवर, पाठीवर. कुणी "ए माय!" म्हणून अंगावर धावून आलं, त्याच्या थोबाडावर तिनं धार धरली. एक दगड तिच्या खांद्याला लागला. ती हलली नाही. भांडणारे घसरून पडले, उठले, पुन्हा पडले, आणि शेवटी चिखलात बसून एकमेकांकडे वेड्यासारखे पाहू लागले. धुराळा खाली बसला. मग तिनं पाणी रेषांवर फिरवलं, एकेक करून, पार पुसून जाईपर्यंत. सगळ्यात शेवटी छकुलीला समोर उभं करून डोक्यापासून पायापर्यंत भिजवलं.

"माय, थंडी वाजते नं वं!"

"वाजू दे," गोजरमाय म्हणाली. "तोंड मीट. डोळे मीट. अन् काही झटकजो नको."

त्या दिवशी अंतिम सामना रद्द झाला. संजीवनी मॅडमनी शिकून आलेलं सगळं ओल्या मैदानावरच सांगितलं. अख्ख्या पत्र्याला हात लावू नका. त्याला खिळा ठोकू नका, कापू नका, खरवडू नका. फुटला तर आधी पोरं लांब न्या, मग पाणी मारा. कोरडं झाडू नका. तुकडे ओले करून जाड प्लास्टिकमध्ये बांधा, बाहेर लिहून ठेवा. कपडे झटकू नका, ओलेच वेगळे धुवा. साधा रुमाल बांधून ह्या सुया अडत नाहीत. काढायचंच असेल तर ते काम जाणणाऱ्या माणसांनी करावं. शेखर सर ऐकता ऐकता खाली बसले. "मी पोट्ट्यांले विष फासलं," एवढंच ते बोलले, आणि मैदानावरच रडले. डोक्याला पट्टी बांधलेले हिंमतराव मात्र म्हणाले, "आता आमचा बाप-आजा बी पत्र्यानंच मेला म्हणसान तुम्ही!"

गोजरमाय घरी गेली. तिनं देव ओल्या फडक्यात गुंडाळून पाण्यात ठेवले. तो गुरुवार नव्हता, तरी ती दिवसभर जेवली नाही.

आठवड्यानं मॅडम तिला आणि छकुलीला मोठ्या शहरातल्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. परत आल्यावर ओट्यावर बसून तिनं शेजारणीला सांगितलं ते मी ऐकलं. तिच्या फुप्फुसांच्या पडद्यावर जुने चट्टे निघाले. जुने, म्हणजे जानरावांचे सदरे झटकल्याचे. चट्ट्यांनी लगेच काही होत नाही, पण दरवर्षी दाखवायला यायचं. अन् छकुली?

"डॉक्टर म्हणे, एवढ्या लहानपणी काही दिसत नाई. तीन दिवसांचीच धूळ हाय, बहुतेक काही होणार नाई म्हणे. पण नक्की म्हणाल तं पोरगी चाळीसची झाल्यावरच समजंल." मग ती म्हणाली, "तवा मी नसीन पाहाले."

  

मित्रांनो, आता शेवटचं सांगतो. शाळा चालवणाऱ्या संस्थेनं टाळाटाळ केली, पण मॅडमनी आणि उत्तमरावांनी पाठ सोडली नाही. मे महिन्याच्या सुटीत जाणकार माणसं आली. तोंडाला जाड गाळणीचे मास्क, अंगभर पांढरे झगे. त्यांनी आम्हाला आधी भिजवलं, हुक सावकाश सोडले, आणि मला उचलून तान्ह्या मुलासारखं खाली ठेवलं. कापल्या-भोसकल्याशिवाय मला माणसाच्या हातानं हलवलं, ते जन्मापासून पहिल्यांदाच. आमची चौतीस जणांची थप्पी प्लास्टिकमध्ये गुंडाळली, चिकटपट्टी मारली. वर लाल अक्षरांत धोका लिहिला. मी सगळ्यात वरचा, कोपरा तुटलेला. गाडी दुपारी येणार होती. माणसं जेवायला गेली.

सुटी असली तरी उन्हाळ्याची खिचडी चालू होती. पोरं खाऊन मैदानात खेळत होती, छकुलीही त्यांच्यात. गोजरमाय दारात मोठा झारा घासत बसलेली. तेवढ्यात हिंमतराव इकडेतिकडे पाहत थप्पीपाशी आले. हातात विळा.

"काय करून राह्यला, हिंमतराव?"

"काही नाई वं माय. दोनच पत्रे नेतो. बकऱ्यांच्या कोठ्यावर टाकतो. गेल्या पावसात पिल्लं भिजले माहे. हे लोक तं जमिनीत गाडून टाकतेत म्हणे. बिनकामाचं!"

"ठेव थो विळा."

"तू बी त्या मॅडमच्या नादी लागली काय? कोणाले मारलं या पत्र्यानं, सांग बरं!"

हे बोलताना त्यांनी विळा प्लास्टिकमध्ये खुपसला आणि फाडत आणला. चिकटपट्टी तडकली. त्यांनी माझ्या तुटक्या कडेत बोटं घालून मला हिसका दिला. माझ्या अंगातून जुना ओळखीचा कडकड आवाज निघाला. वाऱ्याचा रोख पोरांकडे होता.

गोजरमाय उठली. आवाज न चढवणारी, पाखराला खडा न मारणारी ती बाई. तिनं लोखंडी झारा दोन्ही हातांनी डोक्यावर नेला आणि सगळा जीव एकवटून हिंमतरावांच्या मनगटावर घातला. कडाका झाला. विळा लांब जाऊन पडला. हिंमतराव गुरासारखे ओरडले आणि हात पोटाशी धरून खाली बसले. पोरांचा खेळ थांबला.

"माय! हात मोडला वं माह्या!"

"मोडू दे," गोजरमाय म्हणाली. तिचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता, बोलायला हवा पुरत नव्हती, तरी ती बोलली. "हात मोडला तं डॉक्टर जोडून देते. ते आतलं जोडून देत नाई रे बापा. कोणाले मारलं म्हणून इचारतं? माह्या मालकाले मारलं. मी सोताच्या हातानं थो सदरा झटकला, अन् सोताच्या हातानं हे नातीच्या नाकात कुटलं. तुह्या बकऱ्यांच्या कोठ्यात तुहा नातू गोविंदा झोपते ना दुपारचा? जा. घेऊन जा मंग. मी अडवत नाई आता."

तिनं झारा खाली ठेवला आणि बाजूला सरकली. वाट मोकळी होती.

हिंमतराव उठले. त्यांचं मनगट सुजून आंब्याएवढं होत होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग मैदानाकडे, जिथं त्यांचा चार वर्षांचा गोविंदा पोरांत उभा राहून तोंडात बोट घालून पाहत होता.  मग त्यांनी चांगल्या हातानं बादली आणली, माझ्या फाटलेल्या जागेवर पाणी ओतलं, आणि दातांनी चिकटपट्टी तोडून तोडून ती फट बुजवली. एका हातानं जमत नव्हतं. तेव्हा गोजरमाय खाली बसली आणि तिनं दुसरी बाजू धरली.

"लय दुखून राह्यलं काय?" तिनं हळूच विचारलं.

"दुखते ना. तू मारलं म्हणून," ते म्हणाले. "चाल, पट्टी दाब तिकडून."

आता मी जमिनीखाली आहे, मित्रांनो. इथं कुणी मला ठोकत नाही, कुणाला माझ्यापासून भय नाही. पण माझी भावंडं अजून पुष्कळ शाळांवर आहेत, गोठ्यांवर आहेत, तुमच्या घरामागच्या न्हाणीवरही असतील. शिक्षकांनो, शिपाईदादांनो, खिचडी शिजवणाऱ्या मायांनो, हे तुमच्यासाठीही आहे. इतर वस्तू शेवटी म्हणतात, आम्हाला जपा. माझं मागणं उलटं आहे. तुम्ही स्वतःला माझ्यापासून जपा. माझ्या भावंडांना धक्का लावू नका. फुटले तर आधी पाणी, मग जाणकार माणूस. त्यांच्या तुकड्यांनी खड्डे भरू नका, ठेचू नका, भांडी घासू नका, रेघा ओढू नका. आणि कुणी म्हणालं, "मला तर काही झालं नाही," तर त्याला एवढंच विचारा, की बाबा, तुझ्या घरी तुझे कपडे कोण झटकतं?